गुरुवारचा रिव्ह्यू

डोंबिवली (पूर्व),
१३ ऑक्टोबर १९९६

प्रिय देवराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून देशील, असं सारखं वाटतंय. ठेवलंस तरी तुझं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. याआधी दोनदा लिहायला बसले. पहिलं पत्र ऑफिसच्या मेमोसारखं झालं आणि दुसरं रडकं. हे कसं होणार आहे ठाऊक नाही, पण पोस्टात टाकणार एवढं नक्की.

मार्चमध्ये तू राजीनामा दिलास तेव्हा कारण 'घरगुती' लिहिलं होतंस. मी ते वाचलं, सही केली आणि कामाला लागले. कोलशेतहून सायकलवर दहा मिनिटांत येऊन सगळ्यांच्या आधी मशीन चालू करणारा तू. तुझ्या घरी असं काय झालं, हे मी विचारलंसुद्धा नाही. का नाही विचारलं? कदाचित तू गेलास म्हणून मला जरा बरंच वाटलं होतं. पण का बरं वाटावं, हे कळत नाही. तू कधी उलटून बोलला नाहीस, काम वेळेत द्यायचास. माझ्या प्रोग्रामचं छापील लिस्टिंग तुला तपासायला दिलं होतं ना एकदा, ते तू एकही खूण न करता परत केलंस. तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता तेच आठवलं की कसंतरी होतं.

आपण ज्या हॉस्पिटलच्या लॅबचा प्रोग्राम केला, तिथे ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन बायका ऑपरेशनसाठी भरती झाल्या. एक शीळफाट्याची, एक कल्याणची. दोघींचं नाव केशरबाई पाटील. लॅबचे रिपोर्ट छापून आले ते उलटसुलट. शीळफाट्याच्या बाईचा रक्तगट 'ओ', कागदावर आला 'बी'. रक्त चढवण्याआधी तिथे परत जुळवून बघतात, म्हणून सापडलं. नाहीतर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबच्या बाई स्वतः आपल्या ऑफिसात आल्या आणि कागद टेबलावर ठेवून एवढंच म्हणाल्या, "हे कसं झालं ते मला सांगा." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रधान साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथे मी काय बोलले ते पुढे लिहिते. आत्ता लिहायला हात धजत नाही.

बाहेर येऊन मी कपाटातली सगळी लिस्टिंगं काढली. छपाईचा भाग तुझा होता, पण पेशंट शोधून द्यायचं काम माझ्या प्रोग्रामचं होतं. नाव आणि भरतीची तारीख जुळली की जो पहिला सापडेल तो पेशंट उचलायचा. केसपेपरचा नंबर मी बघतच नव्हते. बारा वर्षं प्रोग्राम लिहितेय मी, देवराम. गुरुवारच्या रिव्ह्यूत मी तुम्हा सगळ्यांचे प्रोग्राम तपासायचे, पण माझं काम कधी रिव्ह्यूला यायचंच नाही. तू बघितलंस तेवढंच काय ते, आणि तेही मी 'जरा नजर टाक' म्हणून दिलं होतं.

मग तुझं फेब्रुवारीचं लिस्टिंग हातात आलं. सातव्या पानावर माझ्या लाल पेनाचा मोठा गोल. गोलाच्या आत, प्रोग्रामच्या ओळींमध्ये शेरा म्हणून, तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतंस: 'ताईंचा सर्च नावावर चालतो. दोन बायांचं नाव सेम असेल तर कोणाचा कागद कोणाला?' आणि शेजारी माझी टीप: 'शेरे इंग्रजीतच लिहावेत.' तो गुरुवार मला आठवला. मी ते वाक्य हेल काढून मोठ्याने वाचलं होतं. सगळे हसले होते. तूसुद्धा थोडा हसलास, खाली बघून. मी ते वाक्य अख्खं वाचलं, दहा जणांना ऐकवलं, आणि त्यात काय लिहिलंय ते मला कळलं नाही. असं कसं होऊ शकतं? मी मुद्दाम केलं नाही, हे तुला खरं वाटेल का? मलाच कधी वाटतं, कधी वाटत नाही.

मग मला तुझाच राग आला. एवढं कळलं होतं तर येऊन सांगायचं ना, 'ताई, इथे घोटाळा आहे' म्हणून! दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तू सांगितलंच होतंस. लिहून दिलं होतंस. आणखी कसं सांगायचं असतं?

गेल्या महिन्यात मी तुमच्या घरी गेले होते. तू शहाडला मामांकडे राहतोस हे तुझ्या आईनेच, हौसाबाईंनी सांगितलं. मी कोण हे कळल्यावर त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, पण माझ्याकडे बघेनात. निघताना म्हणाल्या, "त्यो सांगं मना, ताई वाचीत नाय, निस्ती खोडतं." एवढंच.

त्यानंतर रिव्ह्यूची पद्धत बदलून बघतेय. लाल पेनं काढून टाकली. ज्याचा प्रोग्राम त्याने स्वतः वाचून, कुठली ओळ काय करते ते सांगायचं, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. शेरा कुठल्याही भाषेत चालतो. आधी तासाभरात चाळीस पानं उडवायचो, आता चार. आणि पहिलं लिस्टिंग माझं. पहिल्या गुरुवारी कुणी तोंडच उघडलं नाही. सगळे माना हलवत बसले. ते मान देत होते की घाबरत होते, मला ओळखताच येईना, आणि इतकी वर्षं आपण ज्याला मान समजत होतो ते काय होतं, हा नवाच गोंधळ. दुसऱ्या गुरुवारी टीममधल्या शेवंतीने विचारलं, "मॅडम, पेशंट घरी गेला आणि त्याच दिवशी परत भरती झाला तर?" 'असं होत नाही' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण होतं असं. तिचंच बरोबर निघालं. मला आनंद झाला आणि अपमानही वाटला, दोन्ही एकदम. हे सुधारणं म्हणायचं का? तुला विचारावंसं वाटलं.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. केबिनमध्ये साहेबांनी विचारलं होतं, "छपाई कुणाची?" मी म्हटलं, "देवरामची." हे खरंच होतं. शोधण्याचा भाग कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. लिस्टिंगं बघितल्यावरही नाही. दीड महिना नाही. साहेबांनी हॉस्पिटलला कळवलं की चूक नोकरी सोडून गेलेल्या माणसाची होती. मागच्या सोमवारी अंधेरीच्या एका कंपनीतून तुझी चौकशी करायला फोन आला, तेव्हा साहेब माझ्यासमोर म्हणाले, "हुशार आहे, पण निष्काळजी." ती नोकरी तुला मिळाली नसेल आणि का म्हणून तू विचार करत बसला असशील, तर त्याचं कारण मी आहे. काल मी साहेबांना लेखी दिलं की चूक माझी होती आणि देवरामने ती आधीच दाखवली होती. एक प्रत हॉस्पिटलला दिली, एक त्या अंधेरीच्या कंपनीला पाठवली, एक सोबत जोडली आहे. साहेब म्हणाले, "याची काय गरज होती? तो तर गेलाय." उद्या ऑफिसात माझी खुर्ची असेल की नाही, सांगता येत नाही. माफी मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर नको. फक्त कुणी विचारलं तर तो कागद दाखव. त्यावर विश्वास बसला नाही, तर हे पत्रही दाखव. सगळं, अगदी मी हेल काढून वाचलं तेसुद्धा.

तुझीच,
शुभदाताई