गंजविरोधी कार्यक्रम, १९९७

१ जानेवारी १९९७, बुधवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. झिंकच्या सप्लायरने दिली. कागद चांगला आहे, फक्त तारखा फार बारीक छापल्यात.

संकल्प एकच. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फेब्रुवारीअखेर काढून टाकणे. डॉक्टरबाईंची अट: उपाशीपोटी साखर १४०च्या खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. सध्या २१२. म्हणजे बहात्तर कमी करायची, दिवस अठ्ठावन्न. रोज सव्वा. इतकं सोपं गणित बाईंनी एवढ्या गंभीर चेहऱ्याने का सांगितलं, कळत नाही.

भात आजपासून बंद.

दुपारी २. डब्यात बिसी बेळे भात. त्यात डाळ आणि भाज्याच जास्त. नुसत्या नावावरून त्याला भात धरणं बरोबर नाही.

२ जानेवारी

मॅनेजरसाहेब म्हणाले, व्यंकोजीराव, मार्चपर्यंत डोळा करून घ्या, नाहीतर स्टोअरमध्ये बसावं लागेल. स्टोअर! मी सव्वीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. झिंक चढवलेला बोल्ट उजेडात धरायचा, गंजाचा ठिपका दिसला की ट्रेवर लाल खडूने फुली. यशवंतपुरातल्या सगळ्या कारखान्यांत माझी फुली प्रसिद्ध आहे.

तसं दिसायला मला काही अडचण नाही. उलट माल फारच सुधारलाय. डिसेंबरमध्ये एकही ट्रे रिजेक्ट केला नाही.

५ जानेवारी, रविवार

आज मोठा शोध लागला. रम्या बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. मुलीला सहज विचारलं, हाच भात मी पन्नास वर्षं खातोय, तेव्हा सोसत होता, आता का नाही? ती म्हणाली, अण्णा, शरीरात ऑक्सिडेशन चालू असतं. ते फार झालं की पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात. मग तेवढ्याच भाताने साखर आधीपेक्षा जास्त चढते, आणि साखर चढून राहिली की ऑक्सिडेशन आणखी वाढतं. मोतीबिंदूलाही तेच हातभार लावतं.

मी विचारलं, म्हणजे गंज? ती म्हणाली, तसंच काहीसं, पण...

पणच्या पुढचं ऐकायची गरज नव्हती. गंज या विषयात मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. भात निर्दोष आहे! गंज थांबवा, भात आपोआप सोसेल. हे त्या डॉक्टरबाईंना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

६ जानेवारी

कार्यक्रम तयार. लोखंडाला आपण झिंक चढवतो. झिंक स्वतः झिजतं, लोखंड वाचतं. शरीराचं झिंक म्हणजे आवळा, लिंबू, हळद आणि ई व्हिटॅमिन. राजाजीनगरच्या मेडिकलमधून तीस कॅप्सूलची बाटली आणली, रोज एक. आवळा नुसता खाल्ला तर फार तुरट, म्हणून मोरावळा. दिवसाला चार.

डब्यात चित्रान्न. लिंबू, हळद आतच. कोटिंग करूनच आलेला भात.

रम्या बरणीकडे बघून म्हणाली, हा सगळा साखरेचा पाक आहे. मी म्हणालो, ते नुसतं पॅकिंग.

९ जानेवारी. सकाळी ६.३०

घरच्या घरी लघवी तपासायला सुरुवात. परीक्षानळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. आज हिरवं आलं. स्वल्प हिरवं, म्हणजे जवळजवळ निळंच. हेमलता म्हणाली, अहो, हे नारिंगी आहे. खिडकीतून ऊन येतं, त्याचा परिणाम. रंग ओळखायची नोकरी या घरात मी करतो, ती नाही.

१२ जानेवारी, रविवार

संक्रांतीचे सक्करे अच्चु झाले. लाकडी साच्यात साखरेचा पाक ओतून पोपट, हत्ती, तुळशीवृंदावनं. एळ्ळु-बेल्ल्याबरोबर, म्हणजे इथल्या तीळगुळाबरोबर, घरोघरी वाटायचे. आमच्याकडे वडिलांपासूनची पद्धत आहे: तुटका अच्चु कुणाच्या हातावर ठेवायचा नाही. तपासणी घरच्या कर्त्याने करायची आणि रिजेक्ट माल तपासणाऱ्यानेच खायचा.

यंदा रिजेक्ट: पोपट अकरा (चोच नाही), हत्ती सात (सोंड नाही), वृंदावनं पाच. हेमलता म्हणाली, चोची धडधडीत आहेत. मला दिसल्या नाहीत. क्वालिटीत तडजोड नाही. प्रत्येक अच्च्याआधी एक कॅप्सूल घेतली. बाटली संपली.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड पोंगल, वर तूप. तूप हे गंजरोधक तेलच.

१५ जानेवारी

शेजारच्या टेबलावरचा आप्पाजी हल्ली रोज जेवणानंतर माझे पास केलेले ट्रे चाळत बसतो. सौंदत्तीकडचा माणूस, कामाला चांगला, पण आज विचारलंच, काय शोधतोस? म्हणाला, काही नाही अण्णा, हात मोकळे होते. वर स्वतःच्या डब्यातली अर्धी जोंधळ्याची भाकरी पुढे केली, ही खात जावा की म्हणाला. मत्सर आहे. सीनियॉरिटीचा असतो तो.

२० जानेवारी

लॅबचा रिपोर्ट. २३८.

घाबरण्यासारखं काही नाही. नवं कोटिंग टेस्टला लावलं की आधी झिंक झिजून वर पांढरं पडतं, आतलं लोखंड शाबूत असतं. तसंच.

रम्या आज समोर येऊन बसली. म्हणाली, आवळा चांगलाच आहे, पण आवळा खाल्ला म्हणून भात माफ होत नाही. अण्णा, तुम्ही गंजक्या बोल्टवर तसंच झिंक चढवता का? मी म्हणालो, छे, आधी अ‍ॅसिडमध्ये गंज धुऊन काढतो, नाहीतर कोटिंग धरत नाही. ती म्हणाली, मग?

मी तिला अभ्यासाला बसवलं.

२१ जानेवारी

भात खरोखर बंद. सकाळी इडल्या सहा. इडलीत निम्मी हवा असते.

३ फेब्रुवारी

बसचे नंबर हल्ली फार फिके रंगवतात. कारखान्याला निघालो आणि मेजेस्टिकच्या बसस्टँडवर पोचलो. या आठवड्यात दुसऱ्यांदा. डाव्या पायाला मुंग्या येतात. बूट नवे आहेत. (दिवाळीचे.)

हेमलता रोज सकाळी नळी बघायला येते आणि सरळ स्वयंपाकघरात परत जाते. तिने रंगावरून भांडलेलं बरं.

१० फेब्रुवारी

आज नळी उकळली नाही. औषध कमी शिल्लक आहे, जपून वापरायला हवं.

१८ फेब्रुवारी

आप्पाजी यल्लम्माच्या जत्रेला गेला. आठ दिवस शांतता. जाताना म्हणाला, अण्णा, परवा जायचाय तो मोठा लॉट मी येईतो थांबवता येतोय का बघा. सरी सरी, बघतो म्हणालो आणि मनात हसलो.

२० फेब्रुवारी

मोठा लॉट तपासून संपवला. चाळीस ट्रे, एकही फुली नाही. सव्वीस वर्षांत असा निर्दोष माल बघितला नव्हता. गाडी दुपारीच गेली.

२५ फेब्रुवारी

२५१.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी साखर, मग डोळा. मी त्यांना गंजाचं समजावून सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. हेमलता बाहेर बाकावर बसून रडली. मी तिला म्हणालो, अजून तीन दिवस आहेत. एकशे अकरा भागिले तीन. रोज सदतीस.

मग मीही तिच्याशेजारी बसून राहिलो.

२७ फेब्रुवारी

लॉट परत आला. चाळीसपैकी एकतीस ट्रे. साहेबांनी एक बोल्ट माझ्या हातावर ठेवला. ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं.

आप्पाजी कालच गावाहून आलाय. मधे येऊन म्हणाला, चूक माझी हाय साहेब, मी रजेवर जायाच नको होतं. साहेबांना कळेना, याची कसली चूक? मग हळूहळू निघालं. नोव्हेंबरपासून माझे पास केलेले ट्रे तो पुन्हा तपासत होता. गंजके बोल्ट उचलून बाजूला टाकत होता. फुली मारत नव्हता, माझ्या नावावर लागू नये म्हणून.

माल सुधारला नव्हता तर.

जेवणाच्या सुट्टीत त्याने नेहमीसारखी अर्धी भाकरी पुढे केली. खाल्ली. त्याच्याकडे बघता आलं नाही. भीती वाटतेय. डोळ्याची, पायाची, सगळ्याचीच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.३०

उद्यापासून स्टोअर.

कालचा बोल्ट खिशातच राहिला होता. नळी उकळली. हेमलता दारात उभी होती, तिला काही विचारलं नाही. नळी खिडकीत नेली, डोळ्याजवळ धरली, पार नाकाला टेकेपर्यंत. शेजारी बोल्ट धरला. दोन्हींचा रंग एकच, विटकरी. गेली सव्वीस वर्षं हा रंग दिसला की मी विचार न करता फुली मारत आलो.

म्हटलं, आजची नोंद तरी नीट करावी. लाल खडू शोधला. शर्टाच्या खिशात नाही, कपाटावर नाही, टेबलावर नाही. शेवटी हेमलताला हाक मारली.

ती म्हणाली, अहो, तुमच्यासमोरच आहे. डायरीवर.