पुस्तकात नसलेलं माडगं

आत्याबाई, नातीनं मला एक कादंबरी आणून दिलीय. त्यातली पोरगी खानावळ चालवते आणि तिच्या हातचं जेवायला एक मुलगा रोज येतो. दोनशे पानं होईस्तोवर दोघं नुसती एकमेकांना वाढतात. नात विचारते, "आज्जी, जन्म चुलीपुढं काढलास, तरी तुला असल्याच गोष्टी कशा आवडतात?" चुलीपुढं काढला म्हणूनच आवडतात. आपण रांधलेलं माणसं खातात, ताट सरकवतात आणि उठून जातात. पुस्तकातला एक जण उठायच्या आधी विचारतो, तू जेवलीस का. तेवढ्या एका वाक्यासाठी बाई दोनशे पानं उलटते. मी वाचायची तेव्हा तुम्हीही तेवढ्यासाठीच ऐकत होता. तोंडानं कबूल केलं नाहीत, इतकंच.

निपाणीतल्या आपल्या घराचा पुढचा सोपा आठवा. भांडी घासून झाली की आपण दोघी सासू-सुना, शेजारची आक्का आणि तिची जाऊ, अशा चौघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसतो. हात पानात आणि जर्द्यात, तोंडं रिकामी. मी चौथी शिकलेली, म्हणजे चौघींत पंडित. आक्का एसटी स्टँडजवळच्या वाचनालयातून कादंबरी आणणार, मी मोठ्यानं वाचणार, आणि माझे हात अडकलेत म्हणून बाकीच्या तिघी आपल्या वळलेल्या विड्यांतल्या थोड्या माझ्या सुपात टाकणार, असं ठरलं. तुम्हाला ते खपलं नव्हतं. "ही तोंड चालवणार आन् हिच्या विड्या मी वळायच्या व्हय?" म्हणालात. मग दोन दिवस कान देऊन ऐकलंत आणि अट घातलीत, "वंगाळ काय निघालं तर पुस्तक चुलीत. वाचणं बी बंद." तुम्ही बोललात म्हणजे केलंत, हे मला ठाऊक होतं. त्या घरात दिवसभर मी सगळ्यांचं ऐकायची. मी बोलतेय आणि बाकीचे ऐकतायत अशी वेळ तेवढी एकच होती. ती मला सोडायची नव्हती.

आणि वंगाळ तर दर दहा पानांना निघायचं. त्यानं तिचा हात धरला असं दिसलं की मी घाईनं त्याच्या हातात भाकरी द्यायची. दोघं जवळ सरकली की मी चुलीवरचं दूध उतू घालायची. अख्ख्या प्रेमाच्या जागी मी भरली वांगी शिजवली आहेत, आत्याबाई. छापलेलं एक आणि वाचलेलं एक. तुम्ही मात्र विडी वळता वळता त्या पोरीच्या चुका काढायचा. "कारळं भाजली न्हाईत व्हय तिनं? शहरातली दिसतीया." आक्का कुरकुरायची, "नुसतं खात्यातच की गं. लगीन कवा करत्यात?" तेव्हा तुम्हीच म्हणालात, "खाऊ दे तिला निवांत. लगीन झाल्यावर कोण वाढतंय?"

मग एका दुपारी मी फसले. गोष्टीतल्या पोरीला ताप भरलेला, घरात दुसरं कुणी नाही, आणि तो येऊन तिच्या उशाशी बसतो. पुढं जे छापलं होतं ते सासूपुढं वाचण्यासारखं नव्हतं. मी त्याला सरळ चुलीपाशी बसवला. त्यानं हुलगं भाजलं, जात्यावर दळलं, लसूण-मीठ घालून पातळ माडगं केलं आणि फुंकून फुंकून तिला पाजलं. मान वर केली तर तुमचे हात थांबलेले.

"गड्यानं केलं?"

"व्हय आत्याबाई."

"सवताच्या हातानं?"

"असं लिवलंय."

"परत वाच."

परत कुठलं वाचू? त्या पानावर हुलगा नव्हता, चूलही नव्हती. पुन्हा जुळवलं आणि भीतीच्या भरात माडग्यात गूळ आणि सुंठ पडली. आक्काची जाऊ तेवढ्यात म्हणाली, "मगाशी लसूण घातलाता की त्यानं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग पुस्तकाकडं. मला ते चुलीत पडलेलंच दिसत होतं. तुम्ही विडीचं पान उचललंत, त्यात जर्दा भरलात, दोरा बांधलात आणि विडी माझ्या सुपात टाकलीत. "छापणाऱ्यानं घाई केली आसंल," म्हणालात. "गुळाचंच बरं लागतंय. वाच फुडं."

त्यानंतर वाचताना मी जरा अडखळले की तुम्ही मान वर न करता विचारायचा, "आता काय शिजतंय?" मी सांगायची. एकदा तर तुम्हीच सांगितलंत, "कालपास्नं वांगीच खात्यात बिचारी, आज झुणका कर." आक्का हसता हसता सूप उलटं करून बसली, जर्दा सगळ्या सोप्यात, आणि चौघी शिंकतोय.

पुढच्याच थंडीत मला ताप आला. तुमचा लेक प्यायचं पाणीही स्वतःच्या हातानं घेत नसे, त्याच्याकडून काय होणार. तुम्हीच वाटी घेऊन उशाशी बसलात. हुलग्याचं माडगं, गूळ आणि सुंठ घातलेलं. "पुस्तकात हाय तसंच केलंया," म्हणालात. "त्या गड्याला जमलं ते मला जमतंय का बघ." सुंठ इतकी होती की नाकातून पाणी आलं. मी वाटी चाटून पुसून दिली. तुम्ही उठलात आणि दारातून विचारलंत, "अजून हवं का?" तुमच्या घरात मला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

नातीच्या पुस्तकात आता सगळं उघड लिहिलेलं आहे, मी एक ओळ सोडत नाही. खायचं आलं की मात्र, तुम्ही आता नसलात तरी, अजून तुम्हाला ऐकू जावं तसं मोठ्यानं वाचते. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, हुलग्याच्या डब्यात घालून ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं होतं. त्या दुपारी मी गड्याचे हात म्हणून वाचले ते तुमचे होते. हुलगा कसा भाजतात, फुंकर कशी घालतात, हे दुसऱ्या कुणाला करताना मी बघितलंच नव्हतं.