रंग त्यांचा, दम आमचा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ येते; पत्रात ती दिसत नाही म्हणून मुद्दाम कळवतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून आधी खोकला घरात शिरतो आणि मागून भाऊजी? आम्ही दोघं खुशाल. गेल्या आठवड्यात नव्हतो, आता आहोत. तेच सांगायला बसलोय, तेव्हा गॅस बंद करून वाच.

तुला ठाऊकच आहे, माझी कंपनी हातात मावणारे व्हिडिओ गेम बनवते, आणि तुझी भावजय जिथे होती (हो, ‘होती’, घाबरू नकोस, पुढे वाच) तीही कंपनी तेच बनवते. दोन्ही कचेऱ्या एकाच रस्त्यावर समोरासमोर, खिडकीत उभं राहिलं की एकमेकांचे चहाचे कप दिसतात. आमचं यंत्र राखाडी. पडदा राखाडी, त्यावर उड्या मारणारा माणूसही राखाडी, त्यामुळे माणूस भिंतीवर आपटला की भिंत माणसावर, हे खेळणाऱ्याने आपल्या मनाशी ठरवायचं. पण एकदा सेल घातले की विसरून जावं, दिवसच्या दिवस चालतं. त्यांचं यंत्र रंगीत. बघून डोळ्यांचं पारणं फिटावं. फक्त सेल असे खातं, जसे भाऊजी शेंगदाणे खातात: एकदा हात घातला की डबा रिकामा. बाजारात आमचं त्यांचं हाडवैर, आणि घरात आमच्या दोघांचा तह. उंबऱ्याच्या आत कंपनीचं नाव काढायचं नाही. (एकदा ती नव्या पडद्यांकडे बघून नुसतं “रंग असला की घर कसं जिवंत वाटतं” म्हणाली, तर मी तोंड फुगवून बसलो होतो. पडदे खिडकीचे होते, हे मला जेवताना कळलं.)

तर झालं असं, की शहरात खेळण्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. मी खरं तर बटणखात्यातला माणूस. बटण दाबल्यावर बोटाला बरं वाटतं की नाही, एवढंच बघायचं. पण आमचा विक्रेता ऐन वेळी घसा बसवून घरी बसला आणि साहेबांनी मला गाळ्यावर उभं केलं. हे साहेब म्हणजे घोषणासाहेब. “मी आता चहा पिणार आहे” हेसुद्धा कर्ण्यातून सांगतात. समोरच्या गाळ्यावर कोण, तर तुझी भावजय! तिच्यापुढे ही झुंबड. माझ्यापुढे एक आजोबा, तेही खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसलेले.

दुपारपर्यंत मात्र समोरचे रंग विझायला लागले. एक यंत्र गेलं, दुसरं गेलं. तिच्याभोवतीची गर्दी कुरकुरायला लागली. तिचे साहेब (सदा टाय आवळून असतात, म्हणून टायसाहेब) घाम पुसत येरझाऱ्या घालत होते. आणि ताई, तिने माझ्याकडे बघितलं. भुवया उंचावल्या, हाताने छातीपाशी काहीतरी खूण केली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोची खूण नवऱ्याला कळणार नाही? सेल मागत होती बिचारी! आमच्याकडे सेलांची खोकी पडून होती. एकीकडे नोकरी, दुसरीकडे बायको. मी कंपनीशी इमान राखायचं ठरवलं, पण हातांनी परस्पर जेवणाचा डबा रिकामा करून त्यात सेल भरले.

निघालो, तर वाटेत घोषणासाहेब. “डबा घेऊन कुठे?”

“बायको जेवली नाही, साहेब. समोरच आहे.”

“वा! शत्रूच्या गोटात जेवण! याला म्हणतात दिलदारी. आणा, मीच देतो.” आणि डबा हिसकावून घेतला. हात एकदम खाली गेला तसे माझ्याकडे बघून म्हणाले, “काय हो, बाई जेवतात तरी किती!”

त्यांनी तो स्वतःच्या हाताने तिला दिला, वर “सावकाश जेवा” असं सांगितलं. तिने झाकण किलकिलं केलं, पुन्हा लावलं आणि गोड हसून म्हणाली, “पोटभर आहे.” घटकाभरात समोर रंगांची पुन्हा बरसात!

इथे संपतं तर मी शहाणा ठरलो असतो. पण एका शाळेच्या बाईंनी टायसाहेबांना विचारलं, “याला सेल किती लागतात हो?” साहेब फुशारकीने म्हणाले, “दाखवतोच,” आणि त्यांनी चारचौघांत यंत्राचं पाठीमागचं झाकण उघडलं. आत ओळीने सेल, आणि प्रत्येकावर आमच्या कंपनीची चिठ्ठी: ‘थकेल तो आमचा नव्हे.’ (या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या, तेव्हा लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.) बाईंनी ते वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं.

घोषणासाहेबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग हाताला डब्याचं वजन आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कर्णा तोंडाला लावून ओरडले, “बघा मंडळी! रंग त्यांचा, दम आमचा!” सगळा मंडप हसला आणि निम्मी गर्दी आमच्याकडे वळली. आजोबांना खुर्ची सोडावी लागली.

टायसाहेब तुझ्या भावजयीला म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.”

“उद्याची वाट कशाला बघू?” असं म्हणून तिने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि सरळ आमच्या गाळ्यात येऊन बसली. तिची नोकरी माझ्यामुळे गेली होती. ती मात्र आमचं यंत्र उचलून घोषणासाहेबांना सुनवायला लागली: सावलीत काही दिसत नाही, लहान हातांतून निसटतं, आणि गाळ्यावर हा असल्या चेहऱ्याचा माणूस कोण उभा करतं? (‘हा’ म्हणजे मी.) साहेब ऐकता ऐकता कर्णा खाली ठेवून बसले. आयुष्यात प्रथमच. संध्याकाळी ती आमच्या कंपनीची विक्रीप्रमुख झाली होती, आणि साहेबांनी माझी बदली कायमची विक्रीखात्यात केली होती.

आता घरातला तह मोडलाय. जेवताना ती विचारते, “आजचा अहवाल?” मी भात कालवत देतो. पण खरं सांगू, घर इतकं हसरं पूर्वी नव्हतं. भाऊजींना नमस्कार, मुलांना पाठीत एकेक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. मी तुझ्याकडे यायला आठवड्याची रजा मागितली, तर नव्या साहेबांनी ‘कामाचे दिवस आहेत’ म्हणून नाकारली. तेव्हा तू फार आजारी असल्याचं एक पत्र कचेरीच्या पत्त्यावर धाड. गुडघ्यांवर भागणार नाही, जरा वरचं काहीतरी लिही.

दुसरा ता. क. रंगीत यंत्र मी गुपचूप विकत घेतलंय. येताना आणतो. हिच्यापाशी बोलू नकोस.

वन्सं, सा. न. पाकिटावर तिकीट लावायला माझ्याकडेच दिलं, म्हणून दोन ओळी. मी सेल मागितले नव्हते. माझ्या टेबलाखाली दोन खोकी होती, ती फोडणारच होते. यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती, तेवढं खुणेने सांगत होते. (बटणखात्यातला माणूस!) पण स्वतः उपाशी राहून डबाभर सेल पाठवणाऱ्याला ‘नको’ कसं म्हणायचं? यांचेच घातले. आजारी पडू नका. रजा मी मंजूर केली आहे, दोघांची. शनिवारी पोचतो. यांना गाडीत बसल्यावर सांगेन.