गाई, ट्रॅक्टर आणि साम्राज्याचा अस्त

विस्कॉन्सिन, २२ मार्च १९७६

तीर्थस्वरूप आल्मामावशीस, सिग्नीचा नमस्कार.

ॲरिझोनाच्या कोरड्या हवेनं तुझा दमा उतरला असेल, असं धरून चालते. फोन करत नाही, कारण आपली लाइन सहा घरांत मिळून एक आहे आणि मिसेस टोफ्टे सगळं ऐकतात. इथे सगळे बरे आहेत. काकांनी सलग नऊ दिवस टूना आणि नूडल्स खाल्ले (तू घरी नाहीस म्हणून चर्चमधल्या बायका एकमेकींना न विचारता तेच पाठवतात), गाई चौतीसच्या चौतीस ठीक आहेत, आणि तुझ्या लेकाच्या, रोलंडच्या, बँडची पहिली रेकॉर्ड टेपवर उतरली. ती कशी उतरली ते क्रमानं लिहिते, कारण रोलंड लिहील तेव्हा त्यात क्रम नसेल.

बँडमध्ये माणसं चार आणि कीबोर्ड सात. सातही रोलंडच वाजवतो, जांभळा झगा घालून. (जेवणघराच्या खिडकीला सध्या पडदा नाही.) शेवटचं गाणं अकरा मिनिटांचं आहे, एका साम्राज्याच्या अस्ताबद्दल. कुठलं साम्राज्य, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सगळीच." मी टेलिफोन कंपनीत यंत्रं दुरुस्त करते, म्हणून रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे आलं. टेपयंत्र आठवड्यापुरतं भाड्यानं आणलं, गवताचं कोठार रिकामं केलं, आणि त्याच संध्याकाळी बर्फाचा पाऊस होऊन सगळ्या जिल्ह्यातल्या विजेच्या तारा तुटल्या.

यंत्र परत द्यायची तारीख हलणार नव्हती. तेव्हा काकांनी ट्रॅक्टरला जनरेटर जोडला. दूध काढायचा पंप त्यावर, रोलंडचा ऑर्गनही त्यावरच. या ऑर्गनच्या पोटात मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात. जनरेटर मंदावला की त्या मंदावतात आणि सूर खाली येतो. शुक्रवारी पाचच्या ठोक्याला काकांनी पंप सुरू केला. साम्राज्याचं दहावं मिनिट चालू होतं. ट्रॅक्टरला धाप लागली आणि ऑर्गन सावकाश, जवळजवळ अर्ध्या स्वरानं, खचला. गिटारवाला वरच राहिला; शिडी काढून घेतल्यावर माणूस छपरावरून बघतो तसा तो रोलंडकडे बघत होता. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. टेप तशीच शिकागोला गेली.

तिथल्या रेकॉर्ड कंपनीच्या मिस्टर पेलेटियेंचा फोन आला. बाकीची गाणी त्यांना बरी वाटली, पण ते खचणं ऐकून ते खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे. हे सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं.

"खूप विचार केला होता," रोलंड म्हणाला.

"माझ्या गाईंनी," काका मागून म्हणाले.

आता ३ एप्रिलला, शनिवारी दुपारी दोन वाजता, पेलेटिये स्वतः कोठारात येऊन ऐकणार आहेत. समोर तसंच खचवून दाखवलं तर रेकॉर्ड निघेल, नाहीतर नाही. रोलंड तीन दिवस नीट जेवलेला नाही (टूना-नूडल्समुळे नक्की कारण सांगता येत नाही). मला स्वतःला ते संगीत जरा जड वाटतं. रेकॉर्ड निघाली काय, न निघाली काय, मला फरक पडत नाही. तब्येत सांभाळ.

तुझी,
सिग्नी

ता. क. दुपारी दोनला पंप लागेल आणि काका नाही म्हणतात. पंपाचा आवाज आला की गाई पान्हा सोडतात, मग दूध काढावंच लागतं. "एका बुडणाऱ्या राजासाठी मी चौतीस जणींचं वेळापत्रक मोडणार नाही," असं त्यांचं म्हणणं आहे. ते फक्त तुझं ऐकतात. त्यांना एक ओळ लिही.

आणखी एक. ऑर्गन तुझा आहे, पुढच्या खोलीतला. चौघांना उचलेना, म्हणून त्याचे दोन भाग करावे लागले. (या धंद्यात सगळे असंच करतात.) करवत रोलंडच्या हाती दिली नाही, मीच धरली. काप अगदी सरळ आहे. फुलदाणी डाव्या भागावर ठेवली आहे.

शेवटचं. टेपयंत्र मी वेगळ्या, लहान जनरेटरवर ठेवलं होतं, त्याची गती जराही हलू नये म्हणून. ती हलली नाही. तेही ट्रॅक्टरवर ठेवलं असतं तर ऑर्गन आणि टेप एकदमच मंदावले असते, आणि नंतर नेहमीच्या गतीनं ऐकताना ऑर्गनचा सूर आपोआप जागेवर आला असता, चुकलेला वाटला असता तो गिटारवाला. ते खचणं कुणालाच ऐकू आलं नसतं, पेलेटियेंनाही नाही. म्हणजे साम्राज्य गाईंनी बुडवलं नाही, मी बुडवलं. हे रोलंडला सांगू नकोस. रेकॉर्डच्या कव्हरवर मागच्या बाजूला, डावीकडे खाली, चौथ्या ओळीत माझं नाव येणार आहे. तुझी चिठ्ठी काकांना २ एप्रिलच्या शुक्रवारपर्यंत मिळाली तर.