फटीचा डबा

मिल्टन कीन्स,
६ एप्रिल २०२५

चि. सुशीस अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू ऋजुताच्या हाती पाठवलेला आईचा पितळी डबा पोचला. मेतकूट अजून घमघमतंय. नीनासुद्धा भातावर घेते, माझी सून असून.

आमची बुधवारची बस बंद पडली बघ. शेजार क्लबची बस. म्हाताऱ्यांना दारातून उचलते, हॉलवर नेते, तिथे चहा, पत्ते, गप्पा. गिअरबॉक्स गेला. महिनाअखेर दुरुस्तीचे पैसे जमले नाहीत तर बस भंगारात. अजय-नीना सकाळीच कामाला जातात, मला गाडी येत नाही, इथे रिक्षा नाही. मी आठवडाभर खिडकीत बसून काय मोजू, गाड्या? म्हणून अजयला सांगितलं, बस गेली तर माझं कऱ्हाडचं तिकीट काढ.

आणि मी काय करून बसले ऐक. क्लबची पॅट घरोघर एकेक रिकामा डबा देऊन गेली, शनिवारी नेईन म्हणाली. वरचं इंग्रजी मला कुठलं वाचता येतंय. झाकणाला फट होती, म्हटलं वाफ धरू नये म्हणून असेल. आता डबा रिकामा कसा परत द्यायचा? बेसनाचे लाडू भरून दिले. तनू पोहून आली आणि म्हणाली, आजी, ती पैसे टाकायची डबा होती. नातीचं मराठी असं, पण कळायचं ते कळलं. पॅटला तोंड कसं दाखवू?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी अक्का

कऱ्हाड,
२१ एप्रिल २०२५

ती. अक्कास सुशीचा सा. न. वि. वि.

हसून पोट दुखलं. माझ्या अंबरीशच्या मुंजीत मांडववाल्याची भाड्याची पातेलीसुद्धा तू मूठमूठ तांदूळ घालून परत केलीस. तो अजून विचारतो, मोठ्या बाई कधी येणार.

मागची खोली रंगवली. तुझ्या गुडघ्यांसाठी कमोड बसवून घेतला. बस सुरू होवो असं मी लिहायला हवं, पण लिहवत नाही. खोटं कशाला बोलू? तारीख कळव.

माया असू द्यावी.
तुझी सुशी

मिल्टन कीन्स,
११ मे २०२५

चि. सुशीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावू नकोस. बस सुरू झाली.

त्या माझ्या डब्यानेच सगळं झालं. पॅटने नाणी मोजायला हॉलवर झाकण काढलं तर लाडू. सगळ्यांनी खाल्ले आणि ज्याने खाल्ला त्याने रिकाम्या डब्यात पैसे टाकले. मग पॅटला सुचलं, पुढच्या शनिवारी प्रत्येकाने डबा घरच्या खाण्याने भरून आणायचा आणि घेणाऱ्याने न उघडता विकत घ्यायचा. माझ्या वाट्याला कसलंसं लोणचं आलं, गोड. कसं खातात देव जाणे. चकल्या भरलेला माझा डबा कुठला ते ओळखून त्यावर दोघे म्हातारे अडून बसले, बोली वाढतच गेली. गिअरबॉक्सचे पैसे जमून वर डिझेलला उरले. आता पॅट मला कमिटीत घेणार म्हणते. मी म्हटलं, मला सही येते, तेवढी पुरे का? तर म्हणाली, लाडू येतात ना.

बुधवारी बस दारात आली तेव्हा मला आधी तूच आठवलीस. रंगवलेली खोली आठवली. चढले, पण शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसले, कोणाला बसू दिलं नाही.

अजयच्या ऑफिसातला साकेत कऱ्हाडला येतोय. त्याच्याबरोबर आईचा डबा पाठवते. चकल्या आहेत, खाली अजयने तुझ्या व्हिसाचे कागद घातलेत, तेलकट होऊ देऊ नकोस. अंबरीशकडून भरून घे.

डबा रिकामा परत देऊ नये हे तुला मी काय सांगायचं. पण या वेळी कोणाच्या हाती पाठवू नकोस. तू घेऊन ये.

सीटवर पिशवी ठेवलेली आहे.
तुझी अक्का