तक्रारीचा रविवार

सिस्टर, काल भालकीच्या मंगल कार्यालयात आमचा सर्वधर्म मैत्री मेळावा होता आणि मी तो मोडला. मोडला हा शब्द माझ्या धाकट्या भावाचा. तो मेळाव्याच्या समितीचा अध्यक्ष आहे. माझं म्हणणं असं, की जे जुळलंच नव्हतं ते मी काय मोडणार? पण तुम्हाला सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं. तुम्ही देवाघरी जाऊन तीस वर्षं उलटली. तुमच्या वेळी असल्या कामाला मंगल कार्यालय लागत नव्हतं, फेटे लागत नव्हते, प्रायोजकांच्या चेहऱ्यांचं बॅनर लागत नव्हतं. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरामागचा ओटा पुरत होता.

महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी तुम्ही आम्हा मुलींच्या आयांना त्या ओट्यावर बोलवायचात. सगळ्या जातीधर्मांच्या बायका एका सतरंजीवर, आणि कोण कुणाशेजारी बसणार ते तुम्ही ठरवायचात. भाषणाला बंदी. प्रत्येकीनं शेजारणीविषयी एक तक्रार तिच्या तोंडावर सांगायची आणि जिच्याविषयी सांगितली तिनं त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. महिनाभर विचार करायचा, करायचं ते करायचं, आणि पुढच्या रविवारी काय केलं तेवढं सांगायचं. पहिल्याच रविवारी अत्तारांच्या घरच्या चाचीनं वाण्याच्या बाईला सांगितलं, "तुमच्या मोरीचं पाणी हमारे दरवाजे में आता, और ऊपर से गंदे हमकोच बोलते." वाण्याची बाई उत्तर द्यायला तोंड उघडते, तुम्ही बोट ओठांवर ठेवता, आणि ती बिचारी महिनाभराचा राग गिळून बसते. मोरीला नाली झाली, सिस्टर. गावात कुणाच्या भाषणानं नाली झाल्याचं मी पाहिलेलं नाही. चर्चचे फादर तुम्हाला म्हणाले होते, अशानं भांडणं वाढतील. तुम्ही म्हणालात, भांडण आधीपासून आहेच, मी त्याला फक्त बसायला जागा देते.

तुमचं मराठी तेव्हा मोडकंतोडकं होतं, आणि आमच्या बायका एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दखनी बोलायच्या. म्हणून तेरा वर्षांची मी तुमच्या खुर्चीशेजारी उभी राहून त्यांचं बोलणं तुम्हाला इंग्रजीत सांगायची. केवढी मिजास होती मला त्या कामाची! एका रविवारी तुम्ही माझ्या आईशेजारी माझ्या वर्गमैत्रिणीच्या आईला बसवलंत. ती कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करायची. आमच्याच गावची, बौद्धवाड्यातली. तिनं पदर नीट केला आणि आईकडे न बघता म्हणाली, "मालकीणबाई, आमचं माणूस मेलं की तुमच्या शेतातल्या वाटंनं न्यायलाव. दुसरी वाटच न्हाई. तवा तुमचे मालक काठी घिऊन बांधावर हुबे ऱ्हातेत. मेलेल्याला कामून भ्या दावायलेत?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी इंग्रजीत सांगितलं, शेतातली वाट पावसाळ्यात चिखलाची होते असं ही म्हणते आहे. तुम्ही वहीत तसंच लिहून घेतलंत. पुढच्या रविवारी तुम्ही आईला विचारलंत, वाटेचं काय केलं? आई शांतपणे म्हणाली, "मुरूम टाकला." जातपात न मानणाऱ्या शरणांची वचनं रोज म्हणणारं आमचं लिंगायत घर, सिस्टर. भाकरीवाल्या बाई उठल्या आणि चुलीपाशी गेल्या.

तुम्हाला खरं कुणी सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. दोन दिवसांनी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. तांदूळ निवडत होतात. वर न बघता म्हणालात, खोटं बोलणाऱ्या मुलीला मी छडी मारते. तू चांगल्या घरच्या मुलीसारखी बोललीस, त्याला माझ्याकडे छडी नाही. एवढंच. छडी मारली असती तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलंत, जसंच्या तसं, काठीसकट. मी सांगितलं. आईनं घरी जाताना माझा हात धरला नाही. पण त्या वर्षापासून बांधावरची काठी दिसेनाशी झाली. आईनं वडिलांना काय सांगितलं ते तिच्याबरोबर गेलं. वाट मात्र राहिली, आईवडील असेतो राहिली.

दोन वर्षांपूर्वी भावानं त्या शेतात ऊस लावला आणि चौफेर काटेरी तार ओढली. वाट तारेच्या आत. मी भालकीत राहते, गावाकडे जाणं सणासुदीला. मला कळलं होतं, सिस्टर, कळलं नव्हतं असं नाही. बघू, बोलू, असं म्हणत राहिले. मग गेल्या महिन्यात त्या भाकरीवाल्या बाई वारल्या. नव्वदीच्या असतील. त्यांची तिरडी ओढ्यातून फिरवून नेली, गुडघाभर चिखलातून, खांदेकरी दोनदा घसरले. त्यांची मुलगी, माझी वर्गमैत्रीण, माझ्यासारखीच निवृत्त. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होती. आठवड्यानं ती माझ्या दारात आली. चहा घेतला नाही.

"तू तहसीलमधी नकाशेच सांभाळलीस ना जलमभर?" तिनं विचारलं. "मग सांग, तिथं वाट हाय का न्हाई?"

"आहे. दुहेरी तुटक रेघ आहे. म्हणजे गाडीवाट. सरकारी."

"मग तुझ्या भावाला वाचता येत न्हाई का?"

मी पुढ्यातला कप सरकवला. ती म्हणाली, "त्याच्या मेळाव्याचं बोलावणं आलंय मला. बुद्धवंदना म्हणायला. आईला चिखलातनं नेल्यावर मी स्टेजवर जाऊन समद्यांचं मंगल मागायचं, व्हय?" जाताना उंबऱ्यावर थांबून तिनं सांगितलं, की तिच्या चुलत्याला बिदरच्या दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मला तिनं एवढंच सांगितलं आणि ते पुरेसं होतं.

मी भावाकडे गेले. तो ओसरीवर मेळाव्याच्या पत्रिका मोजून गठ्ठे बांधत होता. मी तारेचं काढल्यावर हसला. "अक्का, तार डुकरासाठी हाय. रानडुकरं ऊस खायलेत. माणसाला कुणी अडवलंय?"

"मग माणसं जायची कुठून?"

"इचारायचं की. इचारलं असतं तर मी सोताच्या हातानं तार सोडून दिली असती. इचारायला काय जातंय त्यांचं?"

"मेलेल्या माणसानं विचारायचं, का जिवंतपणी विचारून ठेवायचं?"

"बघा, कॉन्व्हेंटची जीभ!" तो बायकोला हाक मारून म्हणाला. "अगं, हिला चहा दे, जीभ भाजली तर जरा गप बसंल." आणि मग अगदी प्रेमानं, "अक्का, औंदा सूत्रसंचालन तूच कर. तुझ्यासारखं बोलणारं हाय का कुणी जिल्ह्यात?" हे त्याचं नेहमीचं. भांडायला गेलेल्या माणसाच्या हातात तो माईक देतो.

मी माईक घेतला. काल मंचावर मठाचे स्वामीजी होते, मौलवीसाहेब होते, फादर होते, भंतेजी होते. बॅनरवर 'सामाजिक न्याय आणि परस्पर सामंजस्य'. सगळी चांगली माणसं, खरंच सांगते, एकही वाईट नाही. पण एकानं म्हटलं आपण एका बागेतली फुलं, दुसऱ्यानं म्हटलं एका माळेतले मणी, तिसऱ्यानं एका हाताची बोटं. ज्या बागेतून तिरडी जाऊ देत नाहीत त्या बागेचं नाव कुणी घेईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वंदनेची वेळ आली, मैत्रीण खालच्या ओळीत बसली होती, आणि तिचं नाव पुकारायच्या ऐवजी मी तुमचा नियम सांगितला. म्हटलं, आता पाच मिनिटं प्रत्येकानं शेजारच्याविषयी एक तक्रार सांगायची. ज्याच्याविषयी सांगितली त्यानं आज उत्तर द्यायचं नाही.

लोक शेजारच्याकडे बघायचं टाळून बॅनरकडे बघायला लागले. मौलवीसाहेब हसून म्हणाले, "बाजी, शिकायतें तो बहुत हैं, पर चाय के बाद." लोक हसले, सुटल्यासारखे. मी म्हटलं, चहा थंड झाला तरी चालेल, मी सुरुवात करते. माझा शेजारी म्हणजे माझा भाऊ. आणि सगळं सांगितलं. नकाशातली रेघ, तार, ओढा, घसरलेले खांदेकरी, नव्वद वर्षांची बाई. या वेळी एक शब्द मऊ केला नाही.

भाऊ उभा राहिला. नियम त्याच्यासाठी नव्हताच. "घरची गोष्ट घरात बोलायची असती, अक्का!"

"वाट घरची न्हाई. गावची हाय." चिडले की माझीही भाषा गावाला जाते.

"आईबापाचं नाव घालवायलीस तू चार लोकांत!"

कुणीतरी माईक बंद केला. स्वामीजींनी हात जोडले, फादर मान खाली घालून बसले, समितीच्या खजिनदारानं घाईघाईनं जेवणाची पानं मांडायला सांगितली. मी मैत्रिणीकडे गेले. वाटलं होतं ती माझा हात धरेल. तिचे डोळे कोरडे होते. ती म्हणाली, "माझी आई चिखलातनं गेली ते तू साऱ्या तालुक्याला सांगितलीस. मला एकदा इचारलीस का? मी बसले होते की तिथंच. मला काय तोंड न्हाई?" मग उठत, "सांगितलीस ते बरं केलीस. पण माझी तक्रार मी सांगितले असते." आणि न जेवता निघून गेली. माझ्या निवृत्त आयुष्यात मला इतकं नेमकं कुणी झोडपलं नव्हतं, आणि तिचा शब्दन् शब्द खरा होता.

आज सकाळी भावानं तारेला लोखंडी फाटक बसवलं. कुलूप घातलं, किल्ली त्याच्या घरात खुंटीला. फाटकाचा फोटो मेळाव्याच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, समितीच्या प्रयत्नांना यश, कुणीही केव्हाही किल्ली मागावी. तेव्हापासून ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, अंगठे नुसते ओतले जातायत. फादरांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. म्हणाले, संवादातून मार्ग निघाला. मी म्हटलं, फादर, मार्ग नाही निघाला, किल्ली निघाली. ज्या रस्त्यासाठी दर मरणाला माझ्या भावाच्या ओसरीवर जाऊन हात पसरायचा, तो रस्ता कुणाचा? ते म्हणाले, हळूहळू होईल. हळूहळू! बिछान्यावर पडलेल्या त्या म्हाताऱ्याला कुणी सांगावं, हळूहळू मर म्हणून.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आवाज कोरडाच. चुलत्यानं कालपासून पाणी घेतलं नाही. "मी किल्ली मागायला जाणार न्हाई," ती म्हणाली. "तहसीलदाराला अर्ज करायलाव. वाड्यातल्या समद्यांच्या सह्या घेतल्यात. नकाशाची नक्कल जोडायला पायजे, आन् वाट हाय म्हणून तुझी साक्ष. अर्ज तू लिही, तुझं अक्षर चांगलं हाय. या वेळी इचारायलाव मी तुला." मी हो म्हटलं. लगेच लिहायला बसले. असले अर्ज मी तीस वर्षं दुसऱ्यांचे तपासले. कुठला शब्द टाकला तर साहेब फेटाळू शकत नाहीत ते मला पाठ आहे. तासाभरात झाला. शेताचा मालक म्हणून भावाचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. साक्षीदार म्हणून माझं.

सिस्टर, नागपंचमी बारा दिवसांवर आली आहे. आमच्याकडे पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, तुम्हाला ठाऊक आहे. वसतिगृहातल्या मुलींना तुम्ही त्यासाठीच दोन दिवस सुट्टी द्यायचात. माझे यजमान गेले, मुलगी लांब आहे. गेली कित्येक वर्षं तो न चुकता येतो, दारात उभा राहून ओरडतो, "अक्का, चल, तंबिटाचे लाडू वळायला माणूस न्हाई!" आणि मी पिशवी उचलते. आईवडिलांच्या घरात मला अक्का म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं आहे. अर्ज दाखल झाला की तो येणार नाही. कधीच येणार नाही. मी त्याला ओळखते.

हे तुम्हाला कुठं पाठवू? आणि पाठवायचा पत्ता असता, तरी शेवटचं वाक्य लिहिलं नसतं. अर्ज टेबलावर आहे. सगळं लिहून झालंय, सहीसुद्धा केली. फक्त तारखेची जागा कोरी ठेवली आहे. मैत्रिणीला मी फोनवर सांगितलं, नकाशाची नक्कल मिळायला दहा-पंधरा दिवस लागतील. नक्कल माझ्या कपाटात आहे.