डोंगरापाशी शिव वळून

सोलापूर,
ता. १९ जानेवारी १९३६

तीर्थरूप एकनाथमामांच्या चरणी पद्मजेचे मस्तक. (ते आणखी काही दिवस खालीच राहणार आहे, तेव्हा हा एकच नमस्कार तिकडच्या सर्व वडील मंडळींना पुरवून घ्यावा.)

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीत धरतो आणि ऊन चढले की सोडतो. तुमचा हिवताप यंदा आला होता का, आणि आला असल्यास कोयनेल खरेच घेतले की नुसते घेतले म्हणून लिहिले, असे आईने विचारले आहे. तिकडे आफ्रिकेत तुमच्या मोशी स्टेशनाचा नवा फलाट पुरा झाला का, हे मी विचारते. त्या फलाटाचा पुढे संबंध येतो.

पत्राला उशीर झाला तो कामामुळे नाही, लाजेमुळे. लाज मला नवी आहे. दोन वर्षे मुंबईला विणकामाची नक्षी शिकून आल्यापासून माझ्या कागदावरची एक चौकट कधी चुकली नाही, आणि हे मी कुणाला सांगत नसले तरी कुणी म्हटले तर खोडूनही काढत नसे. आता ते कुणी म्हणेल असे वाटत नाही.

आमचे मालक शिवलिंगप्पा, ज्यांच्या कारखान्यात मी चादरींची नक्षी काढते, ते आफ्रिकेतली जंगली जनावरे पाहायला निघाले आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाहायलाच. त्यांच्या घरात अंडे शिरलेले नाही आणि त्यांनी बंदूक धरलेली नाही (एकदा फोटोसाठी धरली होती, ती उलटी). बाजारात कुणी विचारले, "अप्पा, शिकारीला निघालात म्हणं?" तर ते म्हणतात, "सिद्धेश्वराला जातो ते काय देवाला मारायला? बघायचं, हात जोडायचं, यायचं." अडचण एवढीच होती की तिकीट कुठल्या तरी एका बंदराचे काढावे लागते, आणि केनियाला जावे की शेजारच्या टांगानिकाला, हे ठरत नव्हते. कारखान्यात शिक्क्याचे प्रमाणपत्र माझ्याकडेच आहे आणि आफ्रिकेत मामाही मलाच आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

मी दोन्ही मुलुखांची तुलना चौकटींच्या कागदावर मांडली. केनियात मोटारीच्या वाटा बऱ्या आणि मुंबईची बोट आधी मोंबासालाच लागते, पण गोऱ्या शिकाऱ्यांची गर्दी फार. टांगानिकात जनावरे जास्त, वाटा कमी, आणि ती झोप आणणारी माशी. अप्पांनी कागद पूर्ण वाचला आणि विचारले, सिंह कुठला चांगला? मी म्हटले, सिंह दोन्हीकडे तोच असतो, इकडून तिकडे जातो. तेव्हा लोकरीचे गठ्ठे घेऊन आलेला बिरप्पा धनगर तिथे बसला होता. तो म्हणाला, "बरूबर हाय की बाई. जनावराला शीव कळती व्हय? कळती तर कोंडवाडा कशाला लागला असता?" सगळे हसले. मीही थोडी हसले. शीव हा शब्द त्या दिवशी माझ्या कानावरून गेला होता, हे नोंदवून ठेवते. पुढे मला सबब उरू नये.

मग अप्पांच्या पत्नी नागम्माबाई आतून आल्या. सिंहाशी त्यांचे काही काम नव्हते. तुमच्या पत्रावरच्या तिकिटावर पांढऱ्या माथ्याच्या डोंगराचे चित्र होते, ते त्यांनी कापून देव्हाऱ्यात ठेवले आहे. तो डोंगर ज्या मुलखात, त्या मुलखात जायचे, एवढेच त्यांचे म्हणणे. आता त्या तिकिटावर केनिया, युगांडा आणि टांगानिका अशी तिन्ही नावे एकत्र छापलेली, त्यामुळे डोंगर कुणाचा हे तिकीट सांगत नाही. माझ्याकडे असलेल्या जुन्या नकाशात दोन मुलुखांमधली रेघ नेमकी घडीवर येऊन फाटलेली. म्हणून ती रेघ कुठून कशी जाते, हे मी तुम्हाला विचारले.

तुमचे उत्तर आले, ते मोडीत. मोडी मला येते, असे मी सर्वांसमक्ष म्हटले आणि पत्र दुकानामागच्या खोलीत मोठ्याने वाचले. मामा, तुम्ही लेखणी न उचलता लिहिता, ते वाक्य असे होते: "मोठ्या तळ्यापासून सरळ, डोंगरापाशी शिव वळून पुढे समुद्रास." नागम्माबाईंनी हात जोडले. पुन्हा वाचायला सांगितले. पुन्हा वाचले. मी मनात म्हटले, या बाईंची भक्ती ऐकून मामांनी त्यांच्यासाठी एक ओळ घातली आहे; शंकर मोठ्या तळ्यावरून निघाले, डोंगरापाशी वळले आणि समुद्राकडे गेले, यात तिकडची काही कथा असेल. श्रद्धा आणि भूगोल एका कागदावर मांडू नयेत, एवढे मी शिकले आहे. म्हणून त्या वाक्यातला "सरळ" हा शब्द मी भूगोलात घेतला आणि उरलेले देवाकडे ठेवले.

अप्पांना प्रवासाआधी दुकानात लावायला नकाशाची चादर हवी होती. मी तळ्यापासून समुद्रापर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली. केनिया तांबडा, टांगानिका हिरवा. डोंगर रेघेच्या वर आला, म्हणजे केनियात. तुमचे मोशी बरोबर रेघेवर आले, ते मी टांगानिकात ढकलले, आणि तुम्ही शेजाऱ्याच्या डोंगराच्या सावलीत राहता अशी समजूत करून घेतली. विणकर नरसय्या खूश झाला. "सरळ बरं अम्मा, वाकडं असलं की मागावर काम वाढतंय." केनिया ठरला. शिमग्याच्या आधीच्या बोटीची मोंबासाची दोन तिकिटे निघाली.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चादर दुकानाच्या दर्शनी भागात लावली. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून परतणारी सगळी माणसे तिच्यासमोर थांबत होती, आणि मी बाजूला उभी होते (कामासाठी नव्हे, ऐकण्यासाठी, हेही लाजेतच धरावे). तिथे शकुंतलाबाई आल्या, ज्यांनी मला शाळेत भूगोल शिकवला. चष्मा पुसून त्यांनी चादर पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पद्मजा, डोंगर चोरलास की ग." मी म्हटले, रेघ सरळ आहे. त्या म्हणाल्या, "सरळच आहे, पण डोंगर जर्मनांकडे होता तेव्हापासून तिथं तिला वळसा आहे." आणि दुकानातल्या गर्दीत बोट हवेत फिरवून त्यांनी सांगितले: तळ्यापासून सरळ, डोंगरापाशी शीव वळून, पुढे समुद्रास.

मामा, शब्दाला शब्द. तुमचाच.

मी काही बोलायच्या आत मागे उभ्या असलेल्या नागम्माबाईंनी पुन्हा हात जोडले. "बगा, बाईंना बी ठावं हाय." शकुंतलाबाईंना वाटले, भूगोलाला नमस्कार झाला. शिक्षिकेला असा नमस्कार रोज मिळत नाही. त्या प्रसन्न होऊन, टॉवेल घेऊन गेल्या.

घरी येऊन धागे मोजायच्या भिंगाने तुमचे पत्र पाहिले. तुमची चूक नाही. मोडीत वेलांटी एकच. ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही. देव आणि हद्द दोन्ही सारखीच लिहायची, आणि बोलताना कानालाही दोन्ही सारखीच. फरक करायचा तो वाचणाऱ्याने, आणि वाचणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना डोंगराचे सांगितले. ते चादरीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे आमी तिकीट काढलंय एका घरचं, आन् देव शेजारच्या घरात." नोकरीवर येईल असे मला वाटले होते. ते म्हणाले, गड्डा संपेपर्यंत चादर उतरवू नका, माणसं डोंगर बघायला येताहेत आणि सुती माल घेऊन जाताहेत. मला ओरडा हवा होता. तो मिळाला नाही.

नागम्माबाईंना मात्र सांगता आले नाही. गेले होते. त्या कडक भाकऱ्या फडक्यात बांधून टांगत होत्या, बोटीवर किती टिकतात याची परीक्षा म्हणून. मला शेंगाचटणी आणि भाकरी दिली आणि म्हणाल्या, "पद्मव्वा, कैलासाला पायी जावं लागतंय. माझ्या गुडघ्याला ते जमतंय व्हय? म्हनून तर त्यो वळला. आगबोटीच्या वाटंवर येऊन बसलाय." मी भाकरी खाल्ली. ती फार कडक होती, बराच वेळ चावावी लागली, तेवढा वेळ बोलावे लागले नाही. मग उठून आले. रेघ चुकली तर चादर उसवता येते. हे कसे उसवायचे ते मला शिकवलेले नाही.

अधिक लिहिण्यासारखे आहे, पण लिहिण्याजोगे नाही. तब्येतीस जपावे.

तुमची भाची,
पद्मजा

ता. क. रेल्वेचे वेळापत्रक मागवून पाहिले. मोंबासाहून व्होई आणि व्होईहून मोशी अशी गाडी आहे. म्हणजे चुकीच्या मुलखाचे तिकीट बरोबर डोंगरालाच जाते. हे तुम्हाला ठाऊक असणार, तुम्ही तिथले स्टेशनमास्तर. मला आधी ठाऊक असते तर लाज निम्म्यावर आली असती. पाहुण्यांना फलाटावर उतरवून घ्यावे.

आणखी एक. नागम्माबाई तुमचे पत्र बरोबर आणणार आहेत. शिव कुठे वळला ते दाखवा, असे तुम्हाला विचारतील. हद्दीचा खांब दाखवू नये. खरे काय ते तुम्हीच हळूच सांगावे, तुम्ही वडील आहात. हे पत्र त्याचसाठी लिहिले.

पुन्हा एक. वरचे रद्द समजावे. पाकीट बंद करण्याआधी स्वतःच गेले. म्हटले, "नागम्माबाई, ते वाक्य शिवेबद्दल होतं." त्या म्हणाल्या, "व्हय की. शिवाबद्दलच." मी दुसऱ्यांदा म्हटले नाही. त्यांनी अप्पांना हाक मारून माझे तिसरे तिकीट काढायला सांगितले आहे. "डोंगर कुटं हाय ते ह्या पोरीला एकदा दाखवून आणू," म्हणून. आई म्हणते, मामाचे पत्र आले तर जा. मला जायचे आहे. कृपा करून उलट टपालाने लिहावे, आणि आईला वाचता यावे म्हणून बाळबोधीत लिहावे. ते एक वाक्य पुन्हा घालणार असाल, तर तेवढे मात्र मोडीतच असू द्यावे.